पावसाळ्यात गवती चहाचं तेल कमी उतरतंय? आधी गवत बघा, मग भट्टी

इंदूरच्या आसपास, महू-मानपूर-सिमरोळपासून घाट उतरून खाली बडवाह-महेश्वरपर्यंत, ज्यांनी गवती चहा लावलाय आणि तेल काढायला स्वतःची छोटी भट्टी बसवलीय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. जुलै उजाडला की दर वर्षी तीच तक्रार येते : "दादा, टाकी तीच, गवत तेच, तेल मात्र एप्रिलच्या निम्मं." अशा भट्ट्या मी बऱ्याच वर्षांपासून बघतोय. बहुतेक वेळा भट्टी धडधाकट असते. तेल शेतात कमी झालेलं असतं, नाहीतर ढिगात, नाहीतर नुसतं वजनकाट्यावर. तरी पहिला फोन वेल्डरला जातो, वाफ थंड करणारी कॉइल उघडली जाते, पैसे खर्च होतात आणि ऑक्टोबरात ऊन पडलं की तेल आपोआप वाढतं. मग श्रेय कॉइलला मिळतं. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

लक्षणं अशी दिसतात. आपल्याकडे यातली कोणती आहेत ते आधी ठरवा :

- क्विंटलमागे तेल कमी, पण रंग आणि वास नेहमीसारखा.
- तेल कमी, आणि सेपरेटरमधून (तेल आणि पाणी वेगळं करणाऱ्या भांड्यातून) बाहेर पडणारं पाणी दुधाळ.
- तेल गडद, करपट किंवा आंबूस वासाचं.
- पहिला थेंब यायला नेहमीपेक्षा खूप वेळ, लाकूडही जास्त जळतंय.
- भट्टीभोवती गवती चहाचा घमघमाट, भांड्यात मात्र तेल थोडंच.
- तेल ठीक उतरतंय, पण व्यापारी म्हणतो सिट्राल (तेलाला लिंबासारखा वास देणारा घटक) कमी आहे.

पहिलं लक्षण एकटंच असेल तर भट्टीला हात लावू नका. दुसरं आणि पाचवं असेल तर दोष जवळजवळ नक्की भट्टीत. बाकीची दोन्हीकडून येऊ शकतात.

फुकटातली पहिली तपासणी : बाहेर जाणारं पाणी

सेपरेटरमधून जे पाणी आपण सोडून देतो, ते एका स्वच्छ काचेच्या बाटलीत भरा आणि न हलवता संध्याकाळपर्यंत ठेवून द्या. गवती चहाचं तेल पाण्याहून हलकं, म्हणजे वर तरंगतं. बाटलीच्या गळ्याशी पिवळसर कडं जमलं तर तुमचं तेल उतरलं होतं, फक्त नाल्यात गेलं. एका बाटलीत पातळ कडं दिसलं तरी दिवसभरात अशा किती बाटल्या पाणी वाहून जातं याचा हिशेब करा.

कडं जमलं नाही तर सेपरेटर निर्दोष. ही तपासणी सगळ्यात आधी करायची कारण तिला एक पैसाही लागत नाही, आणि शेताकडे बघायचं की भट्टीकडे याचा पहिला अंदाज तिच्यातूनच येतो.

गवताच्या वजनातलं पाणी

पावसाळी तक्रारींतल्या निम्म्याहून जास्त इथेच मिटतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तेलाचा उतारा आपण ओल्या गवताच्या वजनावर मोजतो. ओल्या गवतात पाणी किती हे मात्र दर महिन्याला बदलतं. समजा एप्रिलमध्ये गवतात 30 टक्के कोरडा भाग आहे आणि ऑगस्टमध्ये 20 टक्के. टाकीत दोन्ही वेळा 400 किलो गवत भरलं. एप्रिलमध्ये कोरडा पाला झाला 120 किलो, ऑगस्टमध्ये 80. कोरड्या वजनावर तेल दोन्ही वेळा 2 टक्केच धरलं तरी एप्रिलमध्ये 2.4 किलो उतरेल आणि ऑगस्टमध्ये 1.6. भट्टीत काहीही बिघडलेलं नसताना तिसरा हिस्सा गेला. त्यात पावसात कापून तसंच चढवलेल्या गवतावर 40 किलो पाणी नुसतं चिकटून आलेलं असेल, तर खरं गवत 360 किलोच, आणि तेल 1.44 किलोवर येतं. शिवाय हे सगळं जादा पाणी आधी तापवावं लागतं. लाकूड जास्त जळणं आणि पहिला थेंब उशिरा येणं याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

तपासणी सोपी आहे. चार-पाच भाऱ्यांच्या मधून मूठमूठ गवत काढून अर्धा किलो वजन करा. बारीक कापा आणि वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा. पावसाळ्यात उघड्यावर वाळत नाही, तेव्हा घरातला ओव्हन मंद आचेवर चालेल. जी पद्धत घ्याल तीच वर्षभर ठेवा, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडता येतात. महिन्यातून एकदा हे वहीत लिहिलंत तर "तेल कमी झालं" या वाक्याला पहिल्यांदाच काही अर्थ येईल.

आता खरी घट. पाण्याचा हिशेब वजा करूनही पावसाळ्यात तेल थोडं कमीच भरतं. ढगाळ दिवसांत पानाला ऊन कमी मिळतं आणि वाढ भराभर होते. तेल बनतं ते मुख्यतः पान कोवळं असताना. पुढे पान नुसतं लांब-रुंद होत जातं आणि त्यातला तेलाचा वाटा घटत जातो. त्यामुळे जुलै-सप्टेंबरमध्ये पाला भरघोस आणि टक्केवारी कमी, आणि कोरड्या महिन्यांत पाला बेताचा पण टक्केवारी चांगली, असं चित्र दिसतं. एकराचा हिशेब केलात तर पावसाळ्याचं एकूण तेल वाईट नसतं. युरिया वाढवून हे दुरुस्त होत नाही. पाला वाढेल, टक्केवारी त्या मानाने वाढणार नाही.

एक गैरसमज वारंवार ऐकतो, की पावसाने तेल धुऊन जातं. तुळस किंवा पुदिन्याच्या तेलाच्या ग्रंथी पानाच्या पृष्ठभागावर असतात. गवती चहाचं तेल पानाच्या आतल्या पेशींत साठतं, तिथे पावसाचा थेंब पोचत नाही. म्हणून पाऊस पडून गेल्यावर "तेल परत भरू दे" म्हणत आठवडाभर थांबण्यात अर्थ नाही. पान कोरडं होईपर्यंत थांबण्यात मात्र नक्की आहे.

कापणी आणि ढीग

दव उतरल्यावर, ऊन चढल्यावर कापा. ओलिताचं पीक असेल तर कापणीआधी आठवडाभर पाणी तोडा. जमिनीपासून 10 ते 15 सेंटिमीटर सोडून कापा. खालचा पांढरट दांडा वजनाला भारी आणि तेलाला हलका असतो, मजुरांनी विळा खाली नेला की उतारा लगेच घसरतो. दोन कापण्यांत अडीच-तीन महिन्यांहून जास्त अंतर गेलं की टोकं लाल होऊन सुकतात, आणि सुकलेल्या पानाचं वजन तुम्ही टाकीत भरता पण त्यातून मिळत काही नाही. पावसाळ्यात पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके आणि करपा वाढतो, त्याचंही तसंच. गाजर गवत आणि इतर तण भाऱ्यात आलं तर वजनही फसवतं आणि वासही बिघडतो. भारे बांधताना पाच मिनिटं बाजूला उभं राहून बघा, यंत्रापेक्षा जास्त कळतं.

कापलेलं गवत सावलीत पातळ पसरून रात्रभर कोमेजू द्या. पाणी उडतं, टाकीत गवत जास्त मावतं आणि वाफ कमी लागते. पण पावसाळ्यात हीच गोष्ट उलटते, कारण शेडमध्ये जागा नसते आणि गवताचा ढीग रचला जातो. ढिगात कोपरापर्यंत हात घाला. आत गरम लागलं तर गवत आंबायला लागलंय. गडद रंग आणि आंबूस वास यांचा उगम बहुधा इथेच असतो. मालव्याच्या पावसाळ्यात माझा सल्ला सरळ आहे : पसरायला जागा नसेल तर कोमेजवू नका. वरचं पाणी निथळू द्या आणि त्याच दिवशी टाकी चढवा.

रोशा गवत असेल तर हिशेब वेगळा

घाटाखाली निमाडात आजही बांधावर आणि डोंगरउतारावर रोशा गवत दिसतं, गवती चहाच्याच कुळातलं. खानदेश आणि निमाडचं रोशा तेल एके काळी मुंबईहून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात जात असे आणि गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरलं जाई, इतका त्यातल्या जिरॅनिऑलचा वास गुलाबाच्या जवळ जातो. आपल्या आज्या सांधे दुखले की चोळायच्या ते हेच.

गवती चहाचं तेल पानात, रोशाचं मुख्यतः तुऱ्यात. रोशाची तक्रार आली की मी आधी विचारतो, फुलोरा आला होता का? फुलोऱ्याआधी कापलं तर पान आणि दांडाच टाकीत जातो. तुरा कोवळा असताना तेलात जिरॅनिल अ‍ॅसिटेटचा वाटा जास्त असतो आणि तुरा पक्व होताना जिरॅनिऑल वाढत जातं. म्हणजे लवकर कापण्यात उताराही जातो आणि भावही. मोतिया आणि सोफिया या दोन जाती शेजारी शेजारी उगवतात. सोफियाच्या तेलाचा वास उग्र आणि भाव कमी. दोन्ही एकाच टाकीत गेल्या तर त्यावर भट्टीकडे उपाय नाही, शेतातच वेगळ्या कराव्या लागतात.

टाकी भरणं

गवत सैल आणि उंचसखल भरलं की वाफ सोपी वाट शोधते आणि पोकळीतून सरळ वर जाते. कडेचं गवत शिजतं, मधलं हिरवंच राहतं, किंवा उलट. टाकी रिकामी करताना गवत नीट बघा. काही पेंढ्या हिरव्यागार आणि चुरगळल्यावर लिंबासारखा वास देत असतील, तर तेल तिथेच राहिलं. थरावर थर पसरून पायाने सारखं दाबत भरा, आणि कडेला जास्त दाबा. मात्र ओलं गवत फार ठासू नका, खालचा थर चिखलासारखा बसतो आणि वाफ अडते. गवत ज्या जाळीवर बसतं तिच्याखालचा निचऱ्याचा कॉक उघडून बघा. वाफेचं पाणी साचून जाळीवर आलं असेल तर खालचं गवत वाफेऐवजी पाण्यात उकळतंय.

वेळही तपासा. एका टाकीचं तेल दर अर्ध्या तासाला वेगळ्या बाटलीत घ्या. बहुतेक तेल पहिल्या तासा-दीड तासात येतं. शेवटच्या बाटलीत अजूनही बरंच येत असेल तर तुम्ही लवकर बंद करताय किंवा वाफ कमी पडतेय. सुकं गवत दोन-अडीच तासांत संपतं, पावसाळी ओल्याला जास्त वेळ द्यावाच लागतो.

थंड पाणी

पावसाळ्याची तक्रार बहुधा गवताची असते, तशी मे महिन्याची तक्रार बहुधा कंडेन्सरची, म्हणजे वाफ थंड करून तिचं पाणी आणि तेल करणाऱ्या भागाची. हौदातलं पाणी दुपारी स्वतःच तापलेलं असतं आणि तेच फिरवत राहिलं की कंडेन्सर थंड करायचं सोडून देतो. बाहेर येणारी धार हाताला कोमट लागली पाहिजे, 35 ते 40 अंशांच्या आसपास. चटका बसत असेल किंवा धारेबरोबर वाफ दिसत असेल तर तेल हवेत जातंय, आणि जे उरलंय ते गरम पाण्यात बारीक थेंबांच्या रूपात अडकून दुधाळ दिसतंय. उपाय स्वस्त आहे : पहाटे भट्टी लावा, हौदावर सावली करा, आच थोडी कमी ठेवा. आच वाढवून तेल लवकर येतं असं वाटतं, पण कंडेन्सर झेपवू शकत नाही इतकी वाफ सोडली की सगळा फायदा धुरासारखा जातो.

गळती

चांगल्या भट्टीभोवती फारसा वास येत नाही. घमघमाट असेल तर झाकणाचं गॅस्केट, वाफेच्या नळीचे फ्लँज आणि कंडेन्सरचा जोड साबणाच्या पाण्याने तपासा. जिथे बुडबुडे, तिथे तेल जातंय. चटका बसतो, म्हणून लांब दांड्याचा ब्रश आणि हातमोजे वापरा. गॅस्केट शीट इंदूरच्या सियागंज बाजारात मिळते, वाफ आणि तेल दोन्ही सोसणारी मागा. साधं रबर गवती चहाच्या तेलाने फुगतं आणि पुन्हा गळतं. कोणी नट अजून आवळून भागवतो. झाकण वाकलेलं असेल तर आवळून ते अजून वाकतं.

निकालाची तपासणी

इथवर काही सापडलं नाही, तर आता थोडे पैसे खर्च करायची वेळ आली. टाकीत जाणाऱ्या त्याच गवतातून नमुना घ्या आणि फार्मसी किंवा रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत क्लेव्हेंजर नावाच्या काचेच्या उपकरणात तेल काढून घ्या. 100 ते 200 ग्रॅम पाला, पाणी आणि तीनेक तास. उपकरण तेल मिलिलिटरमध्ये दाखवतं, ग्रॅम काढायला 0.89 ने गुणा.

गवतात तेल किती होतं ते काच सांगते, आणि तुम्ही किती काढलं ते भट्टी. काचेच्या आकड्याच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास भट्टीत मिळत असेल, तर भट्टीला दोष देऊ नका, असा माझा ढोबळ नियम. सत्तरच्या खाली असेल तर भट्टी उघडा. दोन्ही आकडे एकदमच कमी असतील तर शेतात जा. ही एक चाचणी केल्याशिवाय नवी कॉइल, नवा बॉयलर किंवा मोठी टाकी घ्यायचा निर्णय कोणीही घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. अंदाजावर लाखाचा खर्च केलेली कुटुंबं मी पाहिली आहेत.

कॉइल

मालव्यातल्या बोरचं पाणी जड. कंडेन्सरच्या पाण्याच्या बाजूला क्षाराचा पांढरा थर बसतो आणि थंडावा आतल्या वाफेपर्यंत पोचत नाही. खरवडून काढता येत असेल तर काढा, नाहीतर सायट्रिक अ‍ॅसिडचं कोमट द्रावण फिरवा. स्टीलच्या कॉइलमध्ये स्वच्छतागृहाचं अ‍ॅसिड कधीही ओतू नका. त्यातलं क्लोराइड स्टीलला बारीक छिद्रं पाडतं.

छिद्र आधीच आहे का हे बघायला भट्टी थंड असताना, वाफ पूर्ण बंद ठेवून, फक्त थंड पाणी चालू करा. तेलाच्या तोंडातून पाणी ठिबकलं तर कॉइल फुटली. इथे थांबा. हे आर्गॉन वेल्डिंगचं काम आहे, स्टीलची भांडी बनवणाऱ्या फॅब्रिकेटरला द्या. एपॉक्सी किंवा साध्या वेल्डिंगचं ठिगळ लावू नका. लोखंडी डाग तेलाला लागला की तेल लाल-तपकिरी होतं आणि व्यापारी पडता भाव सांगतो.

इथून पुढे स्वतः हात लावायचा नाही

वेगळा बॉयलर असेल आणि सेफ्टी व्हॉल्व्ह गळतो, दाबाचा काटा अडकतो, काचेच्या नळीत पाण्याची पातळी दिसत नाही, यातलं काहीही झालं तर आग ओढून बाहेर काढा, माणसं लांब न्या आणि बॉयलर आपोआप थंड होऊ द्या. कोरड्या पडलेल्या तापलेल्या बॉयलरमध्ये थंड पाणी सोडणं म्हणजे स्फोटाला बोलावणं. सेफ्टी व्हॉल्व्ह बांधून किंवा वजन लावून काम पुढे ढकलायचं नाही, एका टाकीसाठीसुद्धा नाही. दाबाच्या बॉयलरला कायद्याने तपासणी लागते. दुरुस्ती मान्यताप्राप्त माणसाकडूनच करून घ्या आणि कागद जपून ठेवा.

टाकीखाली थेट आग लावायच्या साध्या भट्टीतही वाफेची नळी गवताने तुंबली की दाब चढतो. धार अचानक थांबली आणि झाकण धडधडू लागलं तर आग विझवा, झाकणाच्या जवळ जाऊ नका, पूर्ण थंड झाल्यावरच उघडा. टाकीत उतरून साफसफाई गरम असताना करू नका.

तेल भरपूर, सिट्राल कमी

सिट्राल म्हणजे जिरॅनियल आणि नेराल या दोन जुळ्या रेणूंचं मिश्रण. गवती चहाच्या चांगल्या तेलात ते 75 टक्क्यांच्या वर असावं. हंगामानुसार ते थोडं वरखाली होतं, पण माझ्या पाहण्यात तेलाच्या उताऱ्याइतकं नाही. एकदम मोठी घसरण दिसली तर मी आधी साठवण बघतो. तेलात पाणी राहिलं, डबा अर्धा रिकामा, शेड तापलेली, की सिट्राल हवेने खराब होत जातं. पाणी निथळून घ्या, निर्जल सोडियम सल्फेटने ओल काढा, गाळा, आणि ॲल्युमिनियमच्या किंवा गडद काचेच्या भांड्यात गळ्यापर्यंत भरून थंड जागी ठेवा. साध्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये नको.

व्यापाऱ्याच्या नाकावर वाद घालू नका. कन्नौजच्या सुगंध व सुरस विकास केंद्रात किंवा लखनौच्या सीमॅपमध्ये (केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेत) तेलाची गॅस क्रोमॅटोग्राफी होते, म्हणजे तेलातला प्रत्येक घटक वेगळा करून मोजतात. ताज्या तेलाचा आणि साठवलेल्या तेलाचा असे दोन नमुने पाठवा. दोन्हींत सिट्राल कमी असेल तर प्रश्न रोपांचा आहे.

शेवटी ठोंब

चार-पाच वर्षं झालेले ठोंब मधून पोकळ होतात, दांडा वाढतो, पान कमी होतं. काळ्या जमिनीत पाणी साचत असेल तर त्याआधीच. क्लेव्हेंजरचा आकडा कोरड्या महिन्यांतही वर येत नसेल तर हेच कारण समजा. हे सगळ्यात महागडं काम, कारण नव्या लावणीनंतर पहिली कापणी तीनेक महिन्यांनी मिळते. सगळं शेत एकदम उपटू नका. पाऊस लागल्यावर एक तुकडा करा, सरी-वरंब्यावर, निचरा काढून. फुटवे शेजाऱ्याच्या बांधावरून उचलून आणू नका. कृष्णा, निमा, प्रगती, कावेरी यांसारख्या नावाच्या वाणाचे, ज्याच्या तेलाचा अहवाल विकणारा दाखवू शकतो असेच घ्या. आणि नव्या तुकड्याचं गवत पहिल्या वर्षी वेगळ्या टाकीत चढवा, म्हणजे जुन्याचं आणि नव्याचं तेल वेगवेगळं मोजता येईल.